'रिपोर्ट आणा, मग बघू' : तिसरीतला मुलगा आणि एडीएचडीची गोळी

भिंगरीची_आई

लेक तिसरीत. वर्गात त्रेपन्न मुलं. हा एका जागी बूड टेकत नाही. बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो, आणि ते बहुतेकदा भलत्याच प्रश्नाचं असतं. डबा, बाटली, रेनकोट यांतलं काहीतरी रोज शाळेतच राहतं.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवा, रिपोर्ट आणा, मग पुढच्या वर्षीचं बघू. औषध सुरू झालं तर सांभाळायला सोपं जाईल."

दाखवलं. डेव्हलपमेंटलच्या डॉक्टरांनी दोनदा तासतासभर घेतला, घरचा आणि शाळेचा असे दोन फॉर्म भरून घेतले आणि एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष न टिकणं, अती चळवळ, उतावळेपणा. आधी आम्हा दोघांचं वर्तन-प्रशिक्षण (त्याच्याशी कसं वागायचं त्याचं), शाळेत काही बदल, आणि त्यानं भागलं नाही तर मेथिलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची गोळी. तिसऱ्याच भेटीत त्याचं प्रिस्क्रिप्शनही हातात आलं, कारण शाळेकडून दुसऱ्यांदा फोन आला होता.

सासूबाई म्हणतात, "याचा बाप पहिलीत खिडकीतून उडी मारून घरी यायचा, त्याला कुणी गोळ्या दिल्या होत्या?" याचा बाप गप्प आहे.

सल्ला नकोय, त्याला डॉक्टर आहेत. मतं हवीत. 'सांभाळायला सोपं' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. गोळी पोराच्या पोटात जाणार आणि गुण वर्गाला येणार, असं तर हे नाही ना?

जुना_मास्तर

ताई, शंका अगदी रास्त आहे. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं काढली. असं एखादं पोर प्रत्येक वर्गात असायचंच. त्याला घंटा द्यायची. हजेरीचं मस्टर हेडमास्तरांकडे पोचवणं, झाडांना पाणी, खडू आणणं, सगळं त्याच्याकडे. दर अर्ध्या तासाला पायांना काम मिळालं की मधली वीस मिनिटं तो बसतो. याला कुठलं शास्त्र लागत नाही, फक्त पोर ओळखावं लागतं. आज चौथ्या मजल्यावरच्या वर्गात, मैदान नसलेल्या शाळेत, सहा तास पोरांना कोंबायचं आणि ते हललं की आजार म्हणायचं. हा आजार शाळेला झालाय.

कट्टा_नं_४

आधी आईबापांच्या हातातला मोबाईल काढून घ्या. निम्मा एडीएचडी तिथंच संपेल.

स्वाती_नक्षत्र

कट्टा, हे वर्णन १९०२ साली लंडनच्या एका बालरोगतज्ज्ञानं, जॉर्ज स्टिल यांनी, व्याख्यानांत केलं होतं. तेव्हा कुठला मोबाईल होता?

मास्तर, मला तुमच्याशी बोलायचंय. माझा धाकटा भाऊ हा तुमचा घंटेवाला मुलगा. शब्दशः. चौथीपर्यंत घंटा त्याच्याकडे होती, सगळे शिक्षक त्याच्यावर खूश. पाचवीपासून प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आले आणि घंटा शिपायाकडे गेली. आठवीत 'निष्काळजी', नववीत 'टवाळ', दहावी दोन वेळा गेली. बाईकवरून तीन अपघात, एकात पायात रॉड. एकतिसाव्या वर्षी, त्याच्या मुलीच्या निमित्तानं डॉक्टरांकडे बसलेला असताना, त्याचंही निदान झालं. औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी मला फोन केला. म्हणाला, "ताई, लोकांना रोज असं शांत ऐकू येतं?" मी फोन ठेवून रडले.

घंटेवाल्या मुलाचं पुढे काय झालं हे प्राथमिक शाळेच्या मास्तरांना कळत नाही, कारण तोवर तो त्यांच्या हातून पुढे गेलेला असतो. तुम्हाला आठवतो तो चुणचुणीत पोरगा. आम्ही पाहिला तो त्याच्यानंतरचा.

डॉ_अर्धविराम

बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी. दोन-तीन गोष्टी आधी स्पष्ट करतो, नाहीतर धागा भरकटेल.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून एडीएचडी कळत नाही. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि चळवळ-उतावळेपणाची नऊ. दोन्हींपैकी एका यादीतली निदान सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, बाराव्या वर्षाच्या आधीपासून, आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत. यातली शेवटची अट लोक विसरतात. फक्त शाळेत दिसतं, घरी-मैदानात-आजोळी नाही, तर प्रश्न शाळेत शोधायचा. शिवाय त्या लक्षणांनी मुलाचं खरंच अडत असलं पाहिजे. नुसतं वांड असणं हे निदान नव्हे. आणि फॉर्म भरण्याआधी कान, डोळे, हिमोग्लोबिन आणि झोप तपासायची. ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्यानं रात्री घोरणारं मूल दिवसा हुबेहूब असंच वागतं.

आता गोळी. ती गुंगीची नाही. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांचं काम वाढवणारं ते उत्तेजक आहे. १९४४ साली सीबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोननं ते बनवलं आणि बायकोच्या रीटा या नावावरून रिटालिन म्हटलं. भूक मरते, झोप लांबते, उंची-वजन-नाडी-रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. ज्याला खरंच गरज आहे त्याला गुण किती लवकर दिसतो हे मी पाहिलंय, आणि ज्याला गरज नव्हती त्यालाही दिलेली पाहिलीय.

आकडेमोड

डॉक्टरांचा प्रतिसाद संतुलित आहे, पण 'निकष नीट लावले तर' हे जे गृहीत आहे तिथंच गोम आहे. निकष लावतंय कोण? पहिला फॉर्म भरतात बाई.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालंय. तिथं शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबर. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान, जानेवारीतलं सगळ्यात मोठं. डिसेंबरातल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्के जास्त, मुलींना ७० टक्के जास्त! २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींत तेच दिसलं. जिथं प्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथं ऑगस्टात जन्मलेल्यांना निदान सप्टेंबरातल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त. ग्रह-नक्षत्रं मानत असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हा सरळ कोवळेपणा आहे, आणि त्याला आजाराचं नाव मिळतंय.

आणि महाराष्ट्रात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण व्हायची तारीखही ३१ डिसेंबरच. भिंगरीची आई, मुलाचा जन्ममहिना?

भिंगरीची_आई

२६ नोव्हेंबर. (हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.)

डॉ_अर्धविराम

आकडेमोड, हे आकडे मी नाकारत नाही, पालकांना मीही सांगतो. पण त्यातून एवढंच निघतं की काही मुलांचं निदान चुकतं. जानेवारीतल्या मुलांतही एडीएचडी होताच की! जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्के निघतो, म्हणजे जवळजवळ उंचीइतका. 'याचा बाप खिडकीतून उडी मारायचा' हे सासूबाईंना निदानाविरुद्धचा पुरावा वाटतंय. माझ्या खुर्चीतून तो उलट्या बाजूचा दिसतो.

स्वाती_नक्षत्र

:) हेच टाईप करत होते.

आकडेमोड

ठीक, आजार आहे असं धरू. औषधानं लांबवर काय साधतं? अमेरिकेत ५७९ मुलांवर सहा केंद्रांत मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये निकाल आले. चौदा महिन्यांनंतर काटेकोर औषधोपचाराचा गट मुख्य लक्षणांत नुसत्या वर्तनोपचाराच्या गटापेक्षा स्पष्ट पुढे होता. सगळे एवढंच सांगतात. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला तो फरक उरला नव्हता. ही अर्धी गोष्ट जाहिरातीत येत नाही.

दुसरा अभ्यास २०२२ चा, उन्हाळी वर्गातला. गोळी घेतलेली मुलं जास्त गणितं सोडवत होती, वर्गात कमी व्यत्यय आणत होती. पण शिकवलेला धडा किती आत्मसात झाला हे मोजलं तर गोळीनं फरक पडला नव्हता. म्हणजे मूल शांत बसतं आणि पानं भरतं. शाळेला नेमकं हेच हवं असतं ना?

डॉ_अर्धविराम

तीन वर्षांचं सांगताना एक गाळलंत. चौदा महिन्यांनी अभ्यासातले उपचार संपले. पुढे ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं औषध घेतलं, सोडलं, कुणी नव्यानं सुरू केलं. गट गटच राहिले नाहीत, मग फरक कुठून दिसणार? त्यातून 'औषध लांबवर कुचकामी' हे सिद्ध होत नाही. 'उपकारक' हेही होत नाही, मान्य.

गणिताच्या अभ्यासाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. 'गोळी दिली की मार्क वाढतील' असं कुणी सांगत असेल तर उठून यावं. चष्म्यानं फळा दिसतो, धडा पाठ होत नाही.

पण फायदा फक्त मार्कांतच मोजायचा का? स्वीडनमध्ये पंचवीस हजारांवर प्रौढ आणि तरुण रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. तीच माणसं, औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ. पुरुषांमध्ये औषधाच्या काळात गुन्ह्यांचं प्रमाण ३२ टक्के कमी. रस्ते अपघातांबद्दलही तिथल्याच नोंदींत पुरुषांमध्ये तसाच कल आहे. स्वाती यांच्या भावाच्या पायातला रॉड कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही.

चौथी_ब

कालपासून वाचतेय, आता राहवत नाही. मी 'ती शाळा' आहे. म्हणजे तशाच एका खासगी शाळेत चौथीला शिकवते. पट अठ्ठावन्न. शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय. तो तीसचा वर्ग मी अजून पाहिलेला नाही.

मास्तर, झाडांना पाणी घालायला झाडं लागतात. एका मुलाला वर्गाबाहेर पाठवलं आणि जिन्यात पडला तर माझी नोकरी जाते. वर्गात सीसीटीव्ही आहे, मूल उभं दिसलं तरी पालकांचा मेसेज येतो.

आणि त्या फॉर्मबद्दल खरं सांगू का? गेल्या वर्षी सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी बसून मी एका संध्याकाळी चार मुलांचे फॉर्म भरले. 'कधीच नाही, कधीकधी, वारंवार, नेहमी' यांत टिक करायची. तिसऱ्या मुलापर्यंत मी दमले होते आणि त्याच दिवशी त्यानं माझ्या ओढणीला शाई लावली होती. त्याला मी किती 'नेहमी' दिले ते आज आठवत नाही, पण आठवायची भीती वाटते. दुसरीकडे, शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसणारी एक मुलगी होती. कुणाला त्रास नाही, वही अर्धी कोरी. तिचा फॉर्म कुणी मागितलाच नाही. मीही नाही. मुलींचं निदान का राहून जातं ते मला त्या कोऱ्या वहीवरून कळलं, फार उशिरा.

न्यूजर्सीकर

इकडचा अनुभव. अमेरिकेत २०२२ च्या पाहणीनुसार ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालंय, त्यातली साधारण निम्मी औषधावर. हे अती आहे असं माझंही मत. पण एक गोष्ट इथून उचलण्यासारखी आहे. २००४ पासून केंद्रीय कायद्यातच लिहिलंय की असलं औषध घेणं ही वर्गात बसण्याची अट शाळेला घालता येत नाही. आमच्या मुलीच्या शिक्षिका 'तिचं लक्ष उडतं' एवढंच म्हणाल्या, गोळीचा ग सुद्धा नाही. परीक्षेत जादा वेळ, पुढचा बाक, काम तुकड्यांत देणं, हे सगळं लेखी करून मिळालं.

आकडेमोड

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे निदान झालं तरी नुसत्या त्या नावावर त्या कायद्याखाली सवलत नाही. निदानातून हक्क मिळत नाही, तेव्हा हातात उरते ती गोळीच. माझा विरोध औषधाला नाही, या उरण्याला आहे.

मात्र शिक्षणहक्क कायद्यानं आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'मग पुढच्या वर्षीचं बघू' हे वाक्य लेखी मागून बघा. देणार नाहीत.

जुना_मास्तर

स्वातीताईंचा प्रतिसाद वाचून दोन रात्री नीट झोप नाही. एक पोरगा आठवला. नाव लिहीत नाही. घंटा त्याच्याकडेच होती. परवा गावात गेलो तेव्हा चौकशी केली. मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातो, शाळा सातवीत सुटली. परिस्थितीही गरिबीची होती, तेव्हा सगळं एकाच खुंटीवर टांगणार नाही. पण मी त्याला बसतं केलं होतं, वाचतं केलं नव्हतं. तालुक्यात तेव्हा दाखवायला डॉक्टर नव्हता हे खरं. असता तरी मी 'कशाला उगाच' म्हणालो असतो, हेही खरं.

गोळीबद्दलचं मत अजून तेच आहे. वर्ग लहान करा आधी.

स्वाती_नक्षत्र

मास्तर, वर्ग लहान होईपर्यंत तिचा मुलगा दहावीला पोचेल.

कट्टा_नं_४

मोबाईलचं मी मागे घेतो. अर्धं.

भिंगरीची_आई

सगळ्यांचे आभार. काल झालं ते सांगते. चौथी_ब यांचं वाचून मी तोच फॉर्म चित्रकलेच्या सरांना भरायला दिला. त्यांच्या तासाला 'वारंवार' फक्त दोन ठिकाणी. खूप आनंद झाला. मग घरचा फॉर्म पुन्हा काढला, तो मीच भरलेला, आणि त्यात सात 'नेहमी' होते. माझ्याच अक्षरात. तेव्हा फक्त शाळेचं खापर फोडता येणार नाही.

डॉक्टरांना जन्मतारखेचं विचारलं. म्हणाल्या, "लक्षात आहे, वर्गाशी नाही, वयाशी तुलना केलीय, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू." कान-डोळे ठीक, घोरत नाही. शाळेला पत्र दिलं: पहिला बाक, दर तासाला एकदा वह्या गोळा करायचं काम त्याच्याकडे (मास्तर, तुमची घंटा!), आणि 'पुढच्या वर्षीचं' काय ते लेखी द्या. लेखी अजून आलेलं नाही. वह्यांचं काम मिळालंय.

नवरा पहिल्यांदा बोलला. गोळीवर नाही. म्हणाला, खिडकीतून उडी मारायचो ते गंमत म्हणून नव्हतं.

दिवाळीपर्यंत प्रशिक्षण करून बघतोय. नाही जमलं तर गोळी सुरू करणार आहे, आणि तेव्हा मला इथं कुणी काही बोलू नका. प्रिस्क्रिप्शन सध्या फ्रीजवर चुंबकाखाली आहे.

डॉ_अर्धविराम

एकच पान आहे का? मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो. दुसरी प्रत शोधून ठेवा. आणि दिवाळीनंतर नवीनच घ्या, तोवर वजन बदललेलं असेल.