रोटेटर कफ बेंचच्या आधी करायचा की नंतर?

पौडफाट्यावरचा
वय ४१, तीन वर्षं जिम, बेंच (बाकावर उताणं झोपून छातीवरून बार ढकलणं) ७० किलोपर्यंत. दोन महिने उजवा खांदा त्रास देतोय. गॅलरीत वरच्या दांडीवर कपडे वाळत घालताना हात बाजूने वर नेला की खांद्याच्या उंचीला कळ येते, पुढे डोक्यावर गेला की गायब. उजव्या कुशीवर झोप नाही. पीएमपीच्या बसमध्येही दांडी डाव्या हाताने धरतो.

ट्रेनर म्हणाला, रोटेटर कफ कर, म्हणजे खांद्याच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम. (घरी हे सांगितलं तर बायकोने अडुळशाची बाटली काढली.) त्याने दाखवल्याप्रमाणे उभं राहून, कोपर पोटाला चिकटवून, ५ किलोचा डंबेल आतून बाहेर फिरवतो. २०-२० चे तीन सेट, बेंचच्या आधी. महिना झाला. दंड भरून येतो, खांदा जिथल्या तिथे. चुकतंय कुठे?

पेठेतली फिजिओ
तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण व्यायामातली चूक इथूनच दिसतेय. डंबेलचं वजन खाली ओढतं आणि तुम्ही हात फिरवताय आडवा. म्हणजे डंबेल नुसता धरून ठेवलाय, ते काम बायसेप्सचं. दंडच भरणार की! उभ्यानेच करायचं असेल तर रबरी बँड किंवा केबल हवी, ओढ बाजूने आली पाहिजे.

डंबेलच वापरायचा तर डाव्या कुशीवर झोपा. उजवं कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये नॅपकिनची गुंडाळी. पंजा पोटापासून छताकडे न्या, खाली आणताना तीन अंक मोजा. वजन १ किलो. हो, एकच.

आणि बेंचच्या आधी दमवू नका. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे रोटेटर कफचे चार स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. त्यांनाच थकवून तुम्ही ७० किलोखाली झोपताय. आधी बँडचा एखादा हलका सेट, अंग गरम होण्यापुरता. खरं काम शेवटी. सध्या बेंचचं वजनही उतरवा.

तालीमबाज
आमच्या वेळी असले कफ-बिफ नव्हते. पहाटे जोर, मग मुदगल. मुदगल पाठीमागून फिरवला की खांदा आपोआप तयार. जिममध्ये नुसती छाती मारायची, पाठ कोण करणार?

पेठेतली फिजिओ
काका, पाठीचं शंभर टक्के मान्य. जितकं ढकलता तितकं ओढा, म्हणजे रोइंग आलंच पाहिजे. पण दुखऱ्या खांद्याने मुदगल आत्ता नको.

तालीमबाज
ते बरोबर. वस्तादही आम्हाला आधी रिकाम्या हातानेच फिरवायला लावायचे.

पौडफाट्यावरचा
काल करून पाहिलं. १ किलोचा डंबेल आमच्या जिममध्ये बायकांच्या कोपऱ्यात असतो, तो मागायची लाज वाटली म्हणून २ किलोचा घेतला. दहाव्या वेळी हात असा थरथरला की शेजारचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, धरू का?" २ किलोला स्पॉटर! आज घरी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन १५ केले. दंडात काही नाही, खांद्याच्या मागे पार आत कुठेतरी जळजळ.

पेठेतली फिजिओ
तीच जागा. जळजळ चालेल, टोचणारी कळ नको. आठवड्यातून तीनदा पुरे. बेंचला कोपरं खांद्याच्या रेषेत बाहेर फाकत असतील तर थोडी अंगाकडे घ्या. बार हनुवटीपर्यंत ओढायचा अपराइट रो करत असाल तर तोही बंद.

काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हात उचलायची ताकदच राहिली नाही, तर थेट ऑर्थोपेडिककडे जा.

पौडफाट्यावरचा
अपराइट रो करतो. सोमवार आणि गुरुवार. त्याच ट्रेनरने दिलाय.