‘पीटी वाढली’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

अमळनेरची लेक
मंडळी, विचारायचा एकच शब्द आहे, पण आधी घरात काय झालं ते सांगते. नानांची हृदयातली मिट्रल झडप बदलून चार वर्षं झाली, धातूची बसवली आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी आणि महिन्याला पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी (पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम). या वेळचा रिपोर्ट असा आला: पेशंट ३६.४ सेकंद, कंट्रोल १३.०, आयएनआर २.८. आकड्यापुढे ठळक ‘एच’, म्हणजे हाय.

चुलतभावाने तो वाचला आणि जाहीर केलं, “नानांचं गोठणं वाढलंय, गोळी दीड करा.” माय वेगळ्याच आकड्यावर अडली. “कंट्रोल तेरा, नाना छत्तीस, मंग कंट्रोल कोठे ऱ्हायनं?” नशीब, गोळी देण्याआधी मला फोन केला. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की आकडा हवा तिथेच आहे, काही बदलू नका.

म्हणजे एका कागदाचे घरात तीन अर्थ निघाले, आणि त्यातला एक चांगलाच महागात पडला असता. प्रोथ्रॉम्बिन टाइमला मराठीत काय म्हणावं की अर्थ उलटा लागणार नाही? फाइलवर मी ‘रक्त गोठण्याचा काळ’ असं लिहिलं होतं. भावाने ते वाचूनच ‘गोठणं वाढलं’ म्हटलं!

लॅबवाला, भुसावळ
ताई, तुमच्या भावाचा दोष नाही. आमच्या काउंटरवर हे रोजचं आहे. शुगर वाढली म्हणजे साखर जास्त, युरिक अॅसिड वाढलं म्हणजे तेही जास्त. मग पीटी वाढली म्हणजे गोठणं जास्त, असंच कोणीही धरणार. पण इथे पदार्थ मोजलेलाच नाही, वेळ मोजलाय. वेळ जास्त म्हणजे रक्त गोठायला उशीर. गोळीचं कामच ते. मी पेशंटला ‘वाढली’ म्हणतच नाही, ‘उशीर लागतोय’ म्हणतो.

आम्ही काय करतो ते सांगतो, शब्द आपोआप सुचेल. निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. नळी फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा, ३७ अंशाला गरम ठेवायचा, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं रसायन) आणि कॅल्शियम टाकायचं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू. आता मशिन सांगतं. मी शिकलो तेव्हा पाण्यातली काचेची नळी उचलून दिव्यासमोर तिरपी करत बसायचो. पातळ पाणी इकडून तिकडे वाहत असतं, आणि एकदम त्यात सूत धरतं. तिथे घड्याळ थांबवायचं. निरोगी माणसाचं साधारण ११ ते १३ सेकंदांत धरतं.

आणि माउलींचं ‘कंट्रोल’! आपल्याकडे कंट्रोल म्हणजे एक तर रेशनचं दुकान, नाही तर शुगर ताब्यात असणं. रिपोर्टमधला कंट्रोल म्हणजे निरोगी रक्ताला त्याच मशिनवर, त्याच रसायनाने लागलेला वेळ. नानांनी तिथे पोहोचायचंच नाहीये. ‘एच’ मशिन छापतं, कारण त्याला फक्त निरोगी माणसाची मर्यादा ठाऊक. झडप बसवलीय हे त्याला कोण सांगणार?

निवृत्त मास्तर, धुळे
लॅबवाले जिभाऊ, ‘सूत धरतं’ हे फार आवडलं. आता शब्दाकडे येऊ या. मला मुळात ‘गोठणे’वरच शंका आहे. पाणी गोठतं, थंडीने. थंडीत खोबरेल आणि तूप थिजतं. दोन्ही उन्हात ठेवलं की पूर्ववत. रक्ताचं तसं नाही. ते थंडीने गोठत नाही आणि ऊब दिली म्हणून सुटत नाही. विरजण लागल्यासारखं आहे ते, दह्याचं पुन्हा दूध होत नाही. यासाठी मराठीत खास क्रियापद आहे: साकळणे. बोटावर हातोडी बसली की नखाखाली रक्त साकळतं, असं आपण म्हणतोच. काही ठिकाणी ‘साखळणे’ असंही लिहिलेलं दिसेल. विश्वकोशाने ‘क्लथन’ घेतला आहे. तो परिभाषेत शोभतो, पण क्लथन हा शब्द दवाखान्यात उच्चारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पाठ्यपुस्तकांनी ‘गोठणे’ रुळवला, त्याला आता इलाज नाही. पण गोंधळ होतो तो असा. शल्यक्रियेत रक्त थांबेना की ‘गोठवलेला प्लाझ्मा’ आणायला पिटाळतात. तो थंडीने गोठवलेला असतो, वितळवून देतात, आणि देतात कशासाठी, तर रक्त गोठावं म्हणून! एकाच वाक्यात दोन गोठणी. धावपळीत असलेल्या नातेवाइकाने यातून काय समजावं?

माझा प्रस्ताव: ‘साकळवेळ’.

स्टाफ नर्स, नंदुरबार
मास्तर, शब्द गोड आहे, पण वॉर्डात ‘साकळवेळ किती?’ विचारलं तर लोक सांजवेळ समजतील. :)

मला वेगळीच अडचण दिसते. ‘क्लॉट’ या एका शब्दाचे आम्ही तीन अर्थ करतो. लॅबमधून फोन येतो, “सॅम्पल क्लॉट झालं, परत पाठवा.” म्हणजे नळी नीट हलवली नाही, रक्त नळीतच साकळलं. एकदा हे वाक्य पेशंटच्या मुलाच्या कानावर पडलं आणि वडिलांना ‘क्लॉट निघाला’ म्हणून त्याने गावाकडे फोन केले. संध्याकाळी जीप भरून माणसं आली! तेव्हापासून मी ‘नळी बिघडली’ म्हणते. शरीरातल्या क्लॉटला ‘गुठळी’, आणि जखमेवर धरते ती ‘खपली’. तीन गोष्टी, तीन शब्द, सगळे घरातले.

नळीवरून आठवलं, ती खुणेच्या रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ खोटाच वाढलेला दिसतो.

‘क्लॉटिंगचा आजार’ हाही तसाच फसवा शब्द. कोणाचं रक्त थांबत नाही, कोणाला नको तिथे गुठळी होते, आणि दोघांच्या फाइलवर तेच लिहिलेलं. मी ‘रक्त न थांबण्याचा’ आणि ‘गुठळी होण्याचा’ असे दोन सांगते.

लॅबवाला, भुसावळ
यात एक भर. पीटी नॉर्मल आली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न थांबण्याचा आजार असलेल्या पोरात आठ किंवा नऊ नंबरचा घटक कमी असतो, त्याची पीटी सरळ येते आणि एपीटीटी, म्हणजे गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी टेस्ट, लांबते. दात काढण्याआधीची जुनी ‘बीटीसीटी’ (ब्लीडिंग टाइम, क्लॉटिंग टाइम) तर दोन्हींपेक्षा निराळी. लोक तिघींना ‘गोठण्याची टेस्ट’ म्हणतात. कोविडमध्ये प्रसिद्ध झालेली डी-डायमरही त्यातच टाकतात. ती वेळ मोजतच नाही, झालेली गुठळी विरघळताना पडणारा चुरा मोजते.

अमळनेरची लेक
‘उशीर’ हा शब्द मला पटला. पण मग ‘रक्त पातळ करायची गोळी’चं काय? माय पहिल्यापासून म्हणते, “आधीच रगत पातय, त्यात पातय करानी गोयी कसाले?” तिच्या लेखी रगत पातय म्हणजे अंगात रक्त नाही, हिमोग्लोबिन कमी. ती नानांना गुपचूप बीट आणि पालक वाढवत होती, असं आता कळलं.

स्टाफ नर्स, नंदुरबार
अगं बाई! बीट चालेल, पण पालक असा अचानक वाढवायचा नाही. गोळीने रक्त पातळ होतच नाही, घट्टपणा तोच राहतो. यकृत ‘के’ जीवनसत्त्व वापरून साकळण्याचे काही घटक तयार करतं, गोळी त्यात खोडा घालते. एकदम हिरवं जास्त खाल्लं की गोळी कमी पडते आणि आयएनआर खाली येतो. झडपेवर गुठळी व्हायची भीती तेव्हा असते. आणि आपल्याकडे हिवाळ्यात पालकापेक्षा भरीत पार्टीकडे बघायचं. वांगं निरुपद्रवी आहे, त्यात मूठमूठ पडणारी कांद्याची पात नाही. बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

निवृत्त मास्तर, धुळे
या ‘के’ची गंमत सांगतो. हेन्रिक दाम या डॅनिश शास्त्रज्ञाने ते शोधलं, १९४३ चं नोबेल त्याला त्यासाठीच. त्यांच्याकडे आणि जर्मनमध्ये कोआग्युलेशन ‘के’ने लिहितात, म्हणून ‘के’. म्हणजे ते नाव साकळण्यावरूनच पडलं. माझी ‘साकळवेळ’ अगदीच निराधार नव्हती.

आयएनआरला मात्र मराठी शब्द शोधू नये. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळत नसे, तसं प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, सेकंद वेगळे. सगळ्यांचं एका मापात आणायला ते गुणोत्तर काढलं. ‘आंतरराष्ट्रीय सामान्यीकृत गुणोत्तर’ म्हटल्याने कोणाचं भलं होणार?

अमळनेरची लेक
पटलं. फाइलवरची जुनी चिठ्ठी काढली. नवी अशी लिहिली आहे:

‘रक्त साकळायला लागणारा उशीर. नानांना उशीर हवाच आहे. आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये असला तर मशिनच्या एचकडे बघू नये. याच्या खाली किंवा वर गेला तर आधी डॉक्टरांना फोन, गोळीला हात नाही.’

मायला वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग या गोयीले काय म्हनवानं?” मी ‘उशिराची गोळी’ म्हटलं. काल फोनवर ती नानांना ओरडत होती, उशिराची गोयी उशिरा घेऊ नका म्हणून.