रोमन गद्य वाचताना आधी काय बघायचं: प्रकार की लेखक?

माजघर (धागाकर्ता)

आमच्या वाचनगटाने पुढचे काही महिने रोमन गद्य घ्यायचं ठरवलंय. लॅटिन एकालाच येतं, बाकीचे अनुवादावर. वाचायची यादी करताना जुंपली, म्हणून इथे टाकतोय.

माझं मत सरळ आहे. इतिहास, भाषणं, पत्रं, संवाद, चरित्रं, शेतीची वगैरे पुस्तकं असे गट पाडा आणि एकेक गट संपवा. खरं किती बोलायचं आणि नटवायचं किती, हे रोमन लेखक प्रकार बघून ठरवतो. वक्ता आणि राजकारणी सिसेरोचंच घ्या. इ.स.पू. ५६ मध्ये तो लुकेयुस या इतिहासकार मित्राला पत्र लिहितो, की माझ्या कॉन्सलपदाच्या (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद) वर्षावर, म्हणजे सत्ता बळकावू पाहणाऱ्या कॅटिलिनाचा कट मोडला त्यावर, एक पुस्तक लिही. इतिहासाचे नियम जरा बाजूला ठेव आणि तुला वाटतं त्याहून चार शब्द जास्तच कौतुक कर! पुढच्याच वर्षी 'वक्त्याविषयी' या संवादग्रंथात तो एका पात्राच्या तोंडी घालतो, की खोटं सांगायचं नाही आणि खरं सांगायला कचरायचं नाही, हा इतिहासाचा पहिला कायदा. पत्र ते पत्र, संवाद तो संवाद. हे माहीत नसेल तर वाचक गोंधळणारच.

तिरकस

तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय की! तुमच्या यादीत हे पत्र येणार 'पत्रं' गटात आणि संवाद दोन महिन्यांनी. तोवर पत्र कुणाच्या लक्षात राहणार? माणूस एक, मधे फार तर वर्षभर. दोन्ही शेजारी ठेवली तरच त्याची लबाडी म्हणा, माणूसपण म्हणा, दिसतं. लेखक धरा. सिसेरो आख्खा, मग तत्त्वज्ञ सेनेका, मग इतिहासकार टॅसिटस.

माजघर

लबाडी दिसायला आधी नियम माहीत हवा ना? आणि या चौकटी आपण मागाहून लादलेल्या नाहीत. पत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्लिनीने टॅसिटसला व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात (इ.स. ७९) आपला मामा कसा गेला ते कळवलं, कारण टॅसिटसला ते इतिहासासाठी हवं होतं. पत्राच्या शेवटी प्लिनी म्हणतो, यातलं महत्त्वाचं तू निवड. पत्र लिहिणं वेगळं, इतिहास लिहिणं वेगळं. मित्रासाठी लिहिणं वेगळं, सगळ्यांसाठी वेगळं.

तिरकस

आणि मग तेच पत्र स्वतःच संग्रहात छापून... म्हणजे नकला काढून सगळ्या रोमला वाचायला दिलं. पहिल्याच पत्रात सांगतो, जरा काळजीने लिहिलेली पत्रं निवडली, तारखांचा क्रम न पाळता, हाताला येतील तशी लावली. पाटी 'मित्रासाठी'ची, माल सगळ्यांसाठीचा. पाटी बघून दुकानात शिरणाऱ्याला प्लिनीने बरोबर गंडवलंय.

कांस्यपत्रा

माजघर यांच्या बाजूने. इ.स. ४८ मध्ये क्लॉडियस बादशहाने सिनेटमध्ये भाषण केलं, की गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स) प्रतिष्ठितांनाही सिनेटमध्ये घ्या. त्या भाषणाचा कांस्याचा पत्रा १५२८ साली ल्योंच्या एका द्राक्षमळ्यात सापडला, आणि तेच भाषण टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स' या इतिहासग्रंथाच्या अकराव्या भागातही आहे. दोन्ही एका बैठकीत वाचून बघा. पत्र्यावरचा क्लॉडियस रोमच्या जुन्या परकीय राजांच्या कथांत रमतो, भरकटतो, आणि मधेच वाक्य येतं: टिबेरियस सीझर जर्मानिकस, तुझं भाषण कुठे चाललंय ते सभासदांना सांगायची वेळ झाली! (हे तो स्वतःलाच म्हणतो की कुणी सभासदाने टोकलं, यावर दोन मतं आहेत. मला दुसरं आवडतं.) टॅसिटसकडे हे भरकटणं नाही. भाषण आटोपशीर, धारदार, थेट टॅसिटसच्या शैलीत. रोमन इतिहासात भाषणं इतिहासकारच रचतो, हा रिवाज ठाऊक नसेल तर लोक टॅसिटसला खोटारडा म्हणून मोकळे होतील.

तिरकस

हा मुद्दा मान्य. पण तो कळायला आख्खा 'इतिहास' गट कशाला संपवायला हवा? एकट्या लिव्हीच्या रोमच्या इतिहासाचेच १४२ पैकी ३५ भाग उरलेत. त्यातच वर्ष जाईल.

कोबीप्रेमी

मूळ धाग्यातल्या 'शेतीची वगैरे'वर माझा आक्षेप. त्या 'वगैरे'त केटो गाडला जातो. इ.स.पू. १६०च्या सुमाराचं त्याचं शेतीवरचं पुस्तक हे पूर्ण स्वरूपात हाती आलेलं सगळ्यात जुनं लॅटिन गद्य. त्यात ऑलिव्ह तोडणीच्या कंत्राटाच्या अटी आहेत, देवाला डुक्कर वाहतानाची प्रार्थना आहे, चीज-मधाच्या केकची कृती आहे, आणि कोबी म्हणजे सर्व रोगांवर उतारा. त्याच थंड सुरात मालकाला सल्ला: म्हातारे बैल विका, जुनी गाडी विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलाम विका. ह्याला कुठल्या गटात घालणार? मी तर गुलामगिरीच्या इतिहासात आधी वाचायला लावीन.

शिवाय हे गट आले कुठून? क्विंटिलियनने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात काय वाचावं ते सांगितलंय; गद्यात त्याच्याकडे इतिहासकार, वक्ते, तत्त्वज्ञ. शेतीला जागा नाही, पत्रांना वेगळा विभाग नाही, पेट्रोनियसच्या कादंबरीसारख्या कथेचा तर पत्ताच नाही. तो वक्ते घडवणारा मास्तर होता, त्याच्या कामाची तेवढी यादी त्याने केली. आपल्यापैकी कुणाला रोमन कोर्टात उभं राहायचंय?

नवशिका

दोन्ही पद्धती मिळून करता येणार नाहीत का?

तिरकस

येतील की. पण पहिल्या रविवारी एकच पुस्तक उघडावं लागतं, त्याचं काय?

माजघर, तुमच्या 'भाषणं' गटाला एक शेवटचा प्रश्न. सिसेरोने व्हेरेसवर (सिसिलीत लूट केलेला गव्हर्नर, खटला इ.स.पू. ७०) जी मोठी पाच भाषणं लिहिली ती कधी झालीच नाहीत. पहिल्या फेरीतच व्हेरेस मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, पळाला. तरी सिसेरो असं लिहितो की जणू आरोपी समोर बसून घाम पुसतोय. प्रतिस्पर्ध्याच्या हत्येवरून खटला चाललेल्या मिलोच्या बचावाच्या भाषणाचंही तेच: खटला हरला, मग घरी बसून सुरेख भाषण लिहिलं आणि मासिलियात हद्दपार झालेल्या मिलोला धाडलं. इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो, मिलोने उलट कळवलं, की बरं झालं हे कोर्टात केलं नाहीस, नाहीतर इथले असले मासे खायला मिळाले नसते. सांगा, ही भाषणं की पुस्तकं?

माजघर

पुस्तकंच. पण व्हेरेसला 'तू' म्हणून झापणं, साक्षीदार पुढे बोलावणं, न्यायाधीशांकडे वळणं ही सगळी कोर्टातली सोंगं वाचकाला ओळखीची होती, म्हणून तर न झालेलं भाषण खपलं.

आधी एक खरोखर झालेलं भाषण ठेवतो, कॅटिलिनावरचं पहिलं. तेही प्रसिद्ध करताना त्याने हात फिरवला असणारच, हे तुम्ही म्हणायच्या आत म्हणून ठेवतो. दुसऱ्या रविवारी व्हेरेस. केटो 'वगैरे'तून काढला, तिसऱ्या रविवारी कोबी.

तिरकस

आणि लुकेयुसचं पत्र?

माजघर

ते पत्रांच्या गटातच राहील.