अनुभव धागा: बालकासारखा विश्वास म्हणजे नेमकं काय?

भायखळ्याला आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी 23 वर्षं संडे स्कूल घेते. येशूचं 'बालकांसारखे व्हा' हे मुलांना शिकवायला सोपं, स्वतःला लावायचं तर घाम फुटतो. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? येशू त्यांच्यामध्ये एक पोर आणून उभं करतो. मार्काच्या 10व्या अध्यायात शिष्य मुलं आणणाऱ्यांना दटावतात, तेव्हा तो चिडतो, आणि चिडतो तो मोठ्यांवर. (उपासनेत पोर रडलं की मान वळवून बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आपापले अनुभव लिहा. प्रवचन नको.

गोराई, आजोबा
मागे एकदा सप्टेंबरात मोत माऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला बांद्र्याला गेलो होतो. नातू 6 वर्षांचा. घरी आमच्या बाईचे गुडघे गेलेले. चढावर माऊलीला वाहायला मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या मांडून बसतात (दुखणं जिथलं, तो अवयव वाहायचा), तिथे मी एक पाय घेतला. नातू हलेचना. "आजीला दोन पाय आहेत." म्हटलं, बाबा, माऊलीला कळतं, एक पुरे. "मग तिने एकच बरा केला तर?" मागची लाईन हसायला लागली. दुसरा पाय घेतला. मी आयुष्यभर देवाकडे मागताना थोडं कमीच मागत आलो, जास्त मागितलं तर त्याला राग येईल म्हणून. पोराला असलं काही माहीतच नव्हतं.

कुर्ला
थोडं कडू लिहिते. आमच्या मिस्टरांना शुगर आहे. एका प्रार्थनासभेत त्यांना सांगितलं, लहान मुलासारखा विश्वास ठेवा, इन्सुलिन सोडा. सोडलं. पाचव्या दिवशी आयसीयू. तेव्हापासून हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो.
पण लहान मूल माझ्याही घरात आहे हो. दिवसभर 'का, का' करून डोकं खातं. इंजेक्शन द्यायला नेलं तर किंचाळतं, डॉक्टरांना लाथ मारतं, आणि हे सगळं मला घट्ट धरून. प्रश्न विचारू नका म्हणणाऱ्यांनी मूल बघितलंय का कधी? प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंच आहे, दुष्टपणात तान्हे असा, समजुतीत प्रौढ व्हा. तेवढं वचन त्या सभेत कुणी वाचलं नाही.

विक्रोळी
अनुभव असा नाही. मी प्रार्थना 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरू करतो आणि तिसऱ्या वाक्याला मन ऑफिसात. मुलगा 'देवा, ऐक ना' म्हणतो. एवढंच.

परळ
2020च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. रात्री वहीत हिशोब मांडायचो: भाडं, हप्ता, शाळेची फी, पुढचे 6 महिने. मुलगी शेजारी प्रभूची प्रार्थना म्हणायची. एकदा 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथे थांबली आणि ओरडून विचारलं, "आई, आजची झाली ना?" आतून बायको म्हणाली, झाली, दोन उरल्यात. "मग देवा, आजची झाली," असं म्हणून पुढची ओळ घेतली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मला त्या रात्रीही झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पण वही मिटली. इतकी वर्षं ती ओळ म्हणतोय, त्यातला 'आज' कधी कानावर पडला नव्हता.

भायखळा
गोराईच्या आजोबा, आजींचे गुडघे कसे आहेत मग?

गोराई, आजोबा
नाही बरे झाले. गेल्या वर्षी ती गेली. नातवाला काय सांगायचं याची मला धास्ती होती. या जत्रेला त्यानेच विचारलं, आपले ते दोन पाय कुठे गेले? मेणवाली म्हणाली, वितळवतात, परत मेणबत्त्या करतात. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग आज मेणबत्तीच घेऊ. आजीचीच असेल."