मदत हवी आहे: कॉलेज सांभाळून ईएमटीचं पार्ट-टाइम काम, नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर बेसिक ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटला तातडीची मदत देणारा) कोर्स केला, इंटर्नशिप कॅज्युअल्टीत झाली. सीपीआर, ऑक्सिजन, स्प्लिंट बांधणं, स्पाइन बोर्डवर पेशंट घेणं, व्हायटल्स नोंदवणं हे नीट जमतं. कॉलेज सकाळचं, दुपारी दीडला सुटतं. त्यामुळे संध्याकाळ किंवा शनिवार-रविवारची नाइट चालेल.

आधी १०८ डोक्यात होतं. पण आपल्याकडे त्या गाडीवर डॉक्टर असतात, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, त्यामुळे नुसत्या ईएमटीला तिथे फारसा वाव दिसत नाही. खासगी ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे विचारलं, तर पहिला प्रश्न "गाडी चालवता येते का?" (येते, पण लायसन्स फक्त टू-व्हीलरचं!) आणि ड्युटी सरळ बारा तासांची. परीक्षेच्या दिवसांत ते कसं झेपणार?

सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांचाही विचार करतोय. पाचशेच्या वर कामगार असले की कायद्याप्रमाणे ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. तिथे शिफ्टला माझ्यासारख्याला घेतात, की जीएनएम नर्सच लागते? आणि भरती थेट कंपनी करते की कॉन्ट्रॅक्टर?

मॅरेथॉन, मॅचेस, गणपती विसर्जन अशा ठिकाणी स्टँडबाय ॲम्ब्युलन्स असते, तिची माणसं कोण ठरवतं? सिंहस्थासाठीही माणसं लागतीलच, त्याची चौकशी महापालिकेत करायची की सिव्हिल हॉस्पिटलमध्ये?

कुणी शिकता शिकता असं काम केलं असेल, तर दिवसाला साधारण किती मिळतात तेही सांगा. फुकट "अनुभवासाठी" बोलावणारे बरेच भेटलेत, ते नकोत.