लसीआधी गोळ्या, की आधी बी-१२ ची तपासणी?
लस घ्यायच्या आधी महिनाभर झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन चालू केलं की ज्येष्ठांना लस जास्त लागू पडते, असं काही जण सांगतात. मला हे सरसकट पटत नाही. १९९७ च्या अमेरिकन अभ्यासात रोज २०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये हेपेटायटिस बी लसीच्या अँटिबॉडी जास्त बनल्या हे खरं, पण झिंकने फ्लूच्या लसीला तसा फायदा दिसलेला नाही.

आपल्या पुण्यात मात्र बी-१२ या जीवनसत्त्वाकडे आधी बघायला हवं, आणि त्याचं नाव कुणी काढत नाही. २००६ मध्ये पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं. आणि बी-१२ कमी असलेल्या वृद्धांमध्ये न्यूमोनियाच्या लसीनंतर अँटिबॉडी कमी बनतात, असं १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. माझ्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, शिवाय डायबेटिससाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. त्यानेही बी-१२ उतरतं. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात ‘इम्युनिटी’ लिहिलेल्या तीन स्ट्रिपा होत्या, पण बी-१२ कधी तपासलंच नव्हतं. तळपायाला मुंग्या यायच्या, बी-१२ कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं, पण ते वयावर ढकललं जायचं. शेवटी तपासणी केली, रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आल्यावर डॉक्टरांनी त्याची इंजेक्शनं सुरू केली आणि फ्लूची लसही त्याच आठवड्यात दिली. पातळी वाढेपर्यंत लस लांबवू नका, हे त्यांनी अगदी बजावून सांगितलं.