टॉनिक कंपनीचं नऊ पानी ॲग्रीमेंट आलंय, सही करू का?

मखमलाबादची_बाग
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ मखमलाबादला घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे, तीन वर्षांपासून छाटणी, डीपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणीचे व्हिडिओ टाकतो, बऱ्यापैकी शेतकरी बघतात. पिकाचं टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीने ३ रील आणि १ मोठा व्हिडिओ ४५,००० ला विचारलाय, वर ३० हजारांचं टॉनिक फ्री. फोनवर सगळं गोड बोलले, मग मेलवर नऊ पानी इंग्रजी ॲग्रीमेंट. काल रात्री लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेलो, तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसून मोबाईलवर मोठं करून करून वाचलं. व्हिडिओवर त्यांचा "परपेच्युअल, वर्ल्डवाइड, इरिव्होकेबल" हक्क, म्हणजे कायमचा, जगभर आणि परत न घेता येणारा, बारा महिने "ॲग्री इनपुट"मधलं (शेतीला लागणारं सामान) दुसऱ्या कंपनीचं काही दाखवायचं नाही, पैसे बिल मंजूर झाल्यावर ६० दिवसांनी. आणि स्क्रिप्ट पण त्यांचीच, "आठ दिवसांत मणी २ एमएमने फुगला" असं मी म्हणायचं, अजून बागेची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) पण झाली नाही, मणी कुठून येणार! पैशाची गरज आहे, पोराची फी भरायचीय, पण सही करायला हात उचलत नाहीये.

इंदिरानगरची_ताई
दादा, आधी सही थांबवा. २०२३ ला मी एका साडी दुकानासाठी येवल्याच्या पैठणीची रील केली, १२,००० मिळाले, खूश होते. सहा महिन्यांनी मावसबहिणीचा फोन, अगं तुझी जाहिरात सारखी दिसतेय. बघते तर चेहरा माझा, आवाज माझा, पण पदराचा क्लोजअप दुसऱ्याच साडीचा चिकटवलेला, मशीनवरच्या. बायका मला मेसेज करून विचारायच्या, ताई ही हातमागाचीच ना? रडू यायचं हो. ॲग्रीमेंट उघडलं तर हाच परपेच्युअल शब्द, वर एडिट करायचा हक्क पण दिलेला, सही माझीच. आता मी लिहूनच घेते की पोस्ट माझ्या पेजवर राहील, पण जाहिरात म्हणून पैसे लावून चालवायची तर ९० दिवस, फक्त इन्स्टा आणि फेसबुक, माझ्या ओकेशिवाय कापाकापी नाही, मुदत वाढवायची तर पैसे वेगळे. व्हिडिओ बनवायचे पैसे वेगळे आणि तो वापरायचे वेगळे, हे मला फार उशिरा कळलं.

कोर्टाची_पायरी
मी वकिली करतो. ताईंचं बरोबर आहे. हक्काची मालकीच लिहून देणं म्हणजे असाइनमेंट, मालकी आपल्याकडे ठेवून फक्त वापरायला देणं म्हणजे लायसन्स, तुमच्या करारात लायसन्स पाहिजे, तेही ठरावीक मुदतीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, म्हणून कंपन्या "परपेच्युअल, वर्ल्डवाइड" न विसरता घालतात.

"ॲग्री इनपुट" फार मोठा शब्द आहे, खत, बुरशीनाशक, ड्रिपची नळी सगळं त्यात येईल. फवारणीच्या व्हिडिओत मागे दुसऱ्या कंपनीची बाटली दिसली तरी करार मोडला म्हणतील. "द्राक्षाचं टॉनिक" एवढंच लिहा, तेही पेड व्हिडिओपुरतं आणि तीन महिने.

पण मला सगळ्यात जास्त काळजी स्क्रिप्टची वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तोंडाने सांगणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर दंडातून सुटता, म्हणून न वापरलेल्या टॉनिकबद्दल बोलू नका. पेड आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगा. आणि "इंडेम्निफाय" (नुकसान भरून देणं) शब्द शोधा, त्यात कुणाची बाग खराब झाली तर भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. प्रॉडक्टमुळे झालेलं नुकसान कंपनीकडे, असं लिहून घ्या.

सातपूरचा_हिशोब
पैशांचं बोलतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधीच करून घ्या, फुकट आहे, मग कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात ६० लिहिलं तरी चालत नाही, उशीर झाला तर व्याज लागतं. फ्री टॉनिकला फ्री समजू नका, २०२२ च्या जुलैपासून एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर वस्तू आली की १० टक्के टीडीएस (आधीच कापायचा कर) लागतो, तुमचं ३० हजारांचं आहे. रिटर्न भरताना ते पण उत्पन्नात धरायचं.

मखमलाबादची_बाग
ताई, वकीलसाहेब, भाऊ, मनापासून आभार. काल तासभर बोललो त्यांच्याशी. जाहिरातीची मुदत सहा महिने आणि "द्राक्षाचं टॉनिक" यावर आले, पैसे ४५ दिवसांत म्हणतात, नुकसानीच्या कलमाचं त्यांचा वकील बघतोय. स्क्रिप्टवर अडलंय. मी सांगितलं, चार ओळी तुमचं टॉनिक मारतो, शेजारच्या चार कोऱ्या ठेवतो, आठ दिवसांनी गेज (मणी मोजायचं माप) लावून दोन्हीकडचा मणी कॅमेऱ्यासमोर मोजतो, जो आकडा येईल तोच बोलेन. माझे व्हिडिओ बघून माणसं पंपात औषध भरतात हो. म्हणाले वर विचारून सांगतो. सही केलेली नाही. छाटणी १० ऑक्टोबरला धरलीय, आज सकाळी त्या चार ओळींच्या लोखंडी अँगलला लाल चिंध्या बांधून आलो.